दोन थापा

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर डाव्या हाताला स्वानंद टिपणीसचं पत्र्याचं वर्कशॉप लागतं. पाटीवर 'डिझेल तपासणी' एवढंच लिहिलेलं आहे. तिथे ऑईल बदलून मिळत नाही, पंक्चर काढून मिळत नाही. बाकीच्या मेकॅनिकांनी हात टेकलेल्या गाड्या तिथे येतात. स्वानंद स्कॅनरची केबल जोडतो, लॅपटॉप मांडीवर घेतो आणि गाडीचं म्हणणं ऐकतो. गाडी खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा. म्हणजे पूर्वी म्हणायचा, बायको अनुया घरी होती तेव्हा. ती नोकरीसाठी वर्षभरापुरती पुण्याला गेली आणि परत येण्याचं बोलणं दोघांनीही हळूहळू सोडून दिलं. आता ओवे गावाजवळच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी दिवा लावणारा तो एकटाच.

मासेमारीची बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात उरणचा एक ट्रक त्याच्या दारात आला. मागची बॉडी वाढवून मासळीसाठी थंड पेटी बसवलेली, टर्बो मोठा घातलेला, इंजिनाचं मॅपिंग बदललेलं. ड्रायव्हरने ट्रक शेडकडे पाठ करून उभा केला आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"येऊ दे का?"

मागे स्वानंदशिवाय कोणी नव्हतं. त्याने पेटीच्या पत्र्यावर तळहाताने दोन थापा मारल्या. दोन म्हणजे चल, एक म्हणजे थांब. ट्रक मागे येत शेडच्या खांबाशी पोचला तेव्हा त्याने एक थाप मारली. ट्रक जागच्या जागी थांबला, पण ड्रायव्हर बराच वेळ खाली उतरला नाही.

डाव्या दारातून काष्ट्याचं लुगडं नेसलेली एक बाई उतरली. गुणाबाई, ट्रकची मालकीण. मोऱ्याच्या बंदरावर मासळी घ्यायची आणि पनवेल, पेण, महाडपर्यंत पोचवायची, हा तिचा धंदा. ड्रायव्हर बळीराम तिच्याच आळीतला.

"लोड टाकला का झटके देते," बळीराम म्हणाला. "रिकामी असली का लोन्यावानी. कर्नाळ्याच्या खिंडीत चढाला लागली का मिसिंग. मागं कंटेनर असतो, सायेब. एक दिस चेपून टाकंल."

"कधीपासून?"

बळीरामने गुणाबाईकडे पाहिलं.

"माजा शिवा गेल्यापासून," ती म्हणाली.

"गेला म्हणजे?"

"ते तुज्या इंजिनाचं काम नाय, बाला. तू इंजिन बघ."

स्वानंदने इंजिन बघितलं. फिल्टर बदलला, झटके तसेच राहिले. डिझेलच्या लाइनीत हवा नव्हती. टर्बोच्या पाइपाला चीर नव्हती, इंजेक्टर साफ होते. सगळे भाग निर्दोष आणि गाडी मात्र सदोष, हे त्याला नवीन नव्हतं. अशा वेळी लोड घालूनच बघावं लागतं. त्याने पेटीत पाण्याने भरलेले ड्रम चढवले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बळीरामला ट्रक खिंडीकडे घ्यायला सांगितलं. गुणाबाई मधल्या जागेवर चढून बसली.

"मावशी, तुम्ही थांबा इथे. हादरे बसतील."

"मी रोज बसते."

दुपारचं लख्ख ऊन होतं. चढ सुरू झाला तसा इंजिनाचा आवाज जड झाला आणि झटके लागले. लॅपटॉपवर डिझेलच्या दाबाची रेघ खाली पडली, वर आली, लगेच पुन्हा पडली. मग काही क्षण सरळ. मग परत दोनदा. स्वानंदने बिघडलेल्या इंजिनांच्या असंख्य रेघा पाहिल्या होत्या. त्या वेड्यावाकड्या असतात. ही रेघ नेटकी होती. दोन, जरा उसंत, दोन.

शेजारी गुणाबाईने पाठ सीटला घट्ट टेकवली होती. प्रत्येक जोडीनंतर तिचे ओठ हलत होते.

"चल बाबा," ती म्हणत होती. "हाईस. चल."

खिंडीतून परत फिरून ते वर्कशॉप मागे टाकून फाट्यापर्यंत आले. सपाट रस्ता, चढ नाही, इंजिनावर ताण नाही. बंद पडलेल्या एका टायरवाल्याच्या टपरीपाशी, जिथे खांबाला अजून एक जुना टायर लटकत होता, रेघ एकदाच खाली पडली. एकदाच. बळीरामचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला आणि लगेच त्याने तो दुप्पट जोराने दाबला. ट्रक टपरीवरून पुढे निघून गेला.

"थांबायचं होतं का?" स्वानंदने विचारलं.

"नाय."

वर्कशॉपमध्ये परतल्यावर गुणाबाई पाण्याच्या टाकीकडे तोंड धुवायला गेली, तेव्हा बळीराम बोलला. त्याने विडी काढली होती, पण पेटवली नव्हती.

"शिवा या काकीचाच पोरगा. डोळा अधू, म्हनून लायसन मिलालं नाय, तं माज्यासंगं क्लीनर म्हनून फिरायचा. या गाडीवर जीव त्याचा. ही पेटी, ह्यो टर्बो, सगला त्यानंच करून घेतला. गेल्या सीजनला महाडवरनं येत होतो, रिकामे. त्या टपरीपाशी एक थाप आली, थांबलो. टायर बघायला उतरला तो. मंग मागनं दोन थापा आल्या, मी निघालो. तो कदी कदी मागच्या फळीवरच उभा राहायचा, म्हनून बघितलं नाय. मोऱ्याला गेलो तं मागं कोनी नाय."

"पोलीस?"

"समदं झालं. पेट्रोल पंपाचा कॅमेरा हाय समोर. त्यात गाडी थांबलेली दिसते न निघालेली दिसते. पलीकडची बाजू दिसत नाय." त्याने विडी परत खिशात टाकली. "तवापासून तितं गाडी एक झटका देते. मी थांबत नाय."

"थांबून बघायचं होतंस एकदा."

"थांबलो न मागनं दोन थापा आल्या, तं मी कोनाला घेऊन चाललो ते कसं कलनार, सायेब?"

 स्वानंदने टॉर्च घेतला आणि तो ट्रकखाली शिरला.

दोष सापडला तो चेसी जिथे वाढवली होती तिथे. वायरींचा जुडगा एका लोखंडी ब्रॅकेटला घासत होता. लोड पडला की चेसी किंचित वाकायची, सोललेली वायर लोखंडाला टेकायची आणि दाबाच्या सेन्सरचा निरोप तुटायचा. अगदी साधी गोष्ट. कोणाही मेकॅनिकच्या नजरेतून निसटेल अशी, पण साधी. तो बाहेर आला आणि त्याने गुणाबाईला ती जागा दाखवली.

तिने वाकून पाहिलं. सोललेल्या तांब्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढलं नाही.

"ही जोडलीस का झटके बंद?"

"बंद."

"समदे?"

"सगळे, मावशी. दोष होता तो एवढाच."

ती बाकड्यावर बसली. बोलली तेव्हा त्याच्याकडे न बघता, रस्त्याकडे बघत बोलली.

"बलीराम बोलतो, अशी गाडी नाय चालवनार. त्याचं बरोबर हाय. दुसरा ड्रायवर मिलत नाय, मासली बर्फात पडून हाय. गाडी नाय चालली तं इकावी लागंल. इकली तं तीबी गेली न तोबी गेला. धक्का लागतो तवा मना कलतं हाय म्हनून. घरात नाय कलत. घरात त्याचं काय बी वाजत नाय."

स्वानंद उभाच राहिला. घरात काही वाजत नाही म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं.

"जोड," ती म्हणाली.

त्याने वायर जोडली, वरून नळी चढवली, जुडगा ब्रॅकेटपासून दूर बांधला. ड्रम पेटीत होतेच. पुन्हा खिंड, पुन्हा चढ. रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ गेली. ट्रक एका दमात वर चढला. परतताना टपरीपाशी काही झालं नाही. बळीरामने पहिल्यांदाच शीळ घातली आणि अर्ध्यावर सोडली, कारण गुणाबाई सीटला पाठ टेकवून अजून वाट बघत होती.

ऊन उतरायच्या आत ते उरणला निघाले. ट्रक या वेळी तोंड शेडकडे करून उभा होता; मागे घेताना बळीरामने मान बाहेर काढली नाही, काही विचारलंही नाही.

स्वानंदने हात धुतले आणि दुपारची नोंद पुन्हा एकदा लॅपटॉपवर उघडली. दोन, उसंत, दोन. वायर का घासली, ते त्याला माहीत होतं. झटका का बसला, तेही. पण घासलेली वायर दोनपर्यंत मोजत नाही. आणि सपाट रस्त्यावर तिला लोखंडाला टेकायचं कारण नव्हतं. त्याने रेघ लहान-मोठी करून पाहिली. मग शेड बंद केली.

त्याच्या गाडीत डावी सीट लॅपटॉपची होती. बरेच दिवस तिथे दुसरं काही बसलेलं नव्हतं. त्याने लॅपटॉप उघडाच ठेवला, केबल गुंडाळून बाजूला टाकली आणि निघाला. उजेड अजून होता. फाट्याकडे कंटेनरांची रांग सरकत होती. जोडलेलं काहीच नसल्यामुळे स्क्रीनवरची रेघ सपाट जात होती.

टपरी आली. खांबाला टायर लटकत होता.

रेघ एकदा खाली पडली.

स्वानंदने गाडी कडेला घेतली. केबल उचलून पाहिली. दोन्ही टोकं मोकळी होती. मागून एक कंटेनर हॉर्न देत निघून गेला.

पुढे निघून जाता आलं असतं. बळीराम रोज जात होता.

त्याने लॅपटॉप मिटला, डाव्या सीटवरून उचलला आणि मागच्या सीटवर ठेवला. सीटवर एक बिल पडलं होतं, तेही उचललं. हाताने सीट झटकली.

मग तो बसून राहिला.

गाडी डाव्या बाजूला किंचित बसली. मोठं माणूस जपून आत बसतं तितकीच. त्याने त्या बाजूला पाहिलं नाही.

फोन वाजला. गुणाबाई होती. तिच्यामागे बंदरावरचा गलका ऐकू येत होता, बर्फ फोडल्याचा आवाज येत होता.

"पोचलो, बाला. गाडी अगदी गप चालली." मग तिने आवाज खाली आणला. "तुज्याकडं काय राहिलं नाय ना आमचं?"

स्वानंदने समोर पाहिलं. रस्ता मोकळा झाला होता. घर त्याच रस्त्याने होतं, ओव्याच्या अलीकडे, चौथ्या मजल्यावर.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "काही राहिलं नाही."

फोन बंद झाला. डाव्या दारावर आतल्या बाजूने दोन थापा पडल्या, आणि स्वानंदने पहिला गिअर टाकला.