घोडकाठची पाणचक्की

लढाईमुळं तेल मिळेना, म्हणून वाडीतली इंजिनाची गिरणी बंद पडली आणि बायकांच्या नशिबी पुन्हा घरचं जातं आलं. हसीनाच्या तळहातांचे फोड फुटले आणि एक दिवस पिठात रक्ताचा लाल ठिपका उतरला. तिच्या नवऱ्यानं, दिलावरनं, तो पाहिला. त्याच दिवशी त्यानं ठरवलं, आजोबांची पाणचक्की सुरू करायची.

चक्की काष्टी गावाच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या काठी होती. वर दगडी खोली आणि तिच्यात जात्यासारखे दोन थोराड दगड. खाली तळघर, तिथं पाण्याच्या मारानं फिरणारं लाकडी चाक. ती बांधली दिलावरच्या आजोबांनी, बाबाजाननी, स्वतःच्या टाकीनं दगड घडवून. दिलावर जन्मायच्याही आधी, एका पुरात, चाक वाचवायला बाबाजान तळघरात उतरले ते वर आलेच नाहीत. पूर ओसरल्यावरही सापडले नाहीत. तेव्हापासून घरातलं कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. बाबाजान अजून तिथंच आहेत, असं लोक म्हणायचे.

"लोकं काय बी म्हनत्यात," दिलावर छगनला म्हणाला. छगन त्याचा शेजारी, लहानपणापासूनचा जोडीदार. "दगड आन् पानी. तिसरं काय हाय तिथं?"

दिलावर स्वतः गवंडी. दगडाला भ्यायचं त्याला कारण नव्हतं.

दोघांनी नदीपासून चक्कीपर्यंतचा बुजलेला पाट उकरून काढला. मग खोलीचं दार ढकललं. वटवाघळांची घाण, जाळी, कुबट वारा असणार, अशा तयारीनंच ते आत शिरले. पण आत वास होता ताज्या दळलेल्या बाजरीचा. उन्हात ठेवल्यासारखा ऊबदार.

तळघरातलं चाक एव्हाना कुजून भुगा व्हायला हवं होतं. ते धड होतं. ओलीमुळं टिकलं असेल, असं दिलावरनं मनाशी म्हटलं.

पहारी घालून त्यांनी वरचा दगड कलता केला. खालच्या बाजूच्या खाचा नव्याकोऱ्या होत्या. टाकीचा घाव न् घाव उमटलेला, आणि खाचांत पांढरी दगडाची भुकटी. दिलावरनं बोट फिरवलं. कड बोटाला चरचरली.

"छगन, टाकी कवा लावलीस रं?"

"म्या? मला टाकी धराया तरी येती का?"

दिलावरनं बोट धोतराला पुसलं. घरी गेल्यावर हसीनाला मात्र त्यातलं काही सांगितलं नाही.

पाणी सोडायचं ठरलं त्या सकाळी बायका पाट्या घेऊन जमल्या. राहीबाईही आली, पण रिकाम्या हातांनी. तिचं मागंपुढं कुणी नव्हतं आणि घरातली बाजरी संपली होती. नवी नवरी होती तेव्हा याच चक्कीवर ती दळण आणायची, बाबाजानना चाचा म्हणायची. ती नुसती बघायला आली होती.

छगननं पाटाची फळी उचलली. पाणी फेसाळत तळघरात शिरलं. वरचा दगड मात्र हलेना.

"काय तरी आडाकलंय. पायऱ्यांवरनं बघतो," म्हणत दिलावरनं पहार उचलली आणि तळघराच्या पायऱ्यांकडं निघाला.

तेवढ्यात खालून आवाज आला.

ठक. ठक.

दगडावर टाकी मारल्याचा. दिलावरचा सारा जन्म त्या आवाजात गेला होता. त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

"खाली कोन हाय?" छगननं विचारलं.

कुणीच नव्हतं. सगळे वर होते. खाली पाणी असं उसळत होतं की माणूस उभा राहू शकला नसता.

दिलावरनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आवाज वाढला. भिंतीतून सरकत सरकत तो पायऱ्यांवरच्या कमानीपाशी आला. थेट त्याच्या डोक्यावर.

ठक. ठक. ठक.

"अहो, मागं व्हा!" हसीना ओरडली.

तो मागं झाला.

कमानीचा मोठा चिरा निखळून त्याच पायरीवर आदळला.

जमीन हादरली. मग सगळं गप्प.

आणि घरघर करत दगड फिरायला लागला.

हादऱ्यानं अडकलेलं सुटलं असेल, असं दिलावर म्हणाला. हसीनानं पहिली पाटी ओतली, आणि ऊन ऊन पीठ खाली पडायला लागलं, तशा बायका हसायला लागल्या. काही रडल्याही. सांज होईतो सारी वाडी दळून झाली. आता फोडांचे हात बरे होणार होते.

दिलावरनं फळी टाकून पाणी तोडलं. चाक थांबलं. दगड थांबला. बायका पाट्या डोक्यावर घेऊन चढ चढू लागल्या. राहीबाई तेवढी दगडापाशी उभी होती.

"चल मावशी," हसीना तिला न्यायला आत आली आणि दारातच थबकली.

दगड जागच्या जागी होता. वर दाणा नव्हता. तरी पिठाची बारीक धार पडत होती, आणि राहीबाईनं पदर पसरून तिच्याखाली धरला होता. पदर जड झाला तशी म्हातारी दगडाकडं वाकली.

"बास, चाचा," ती हळूच म्हणाली. "मला एकलीला एवढं लई झालं."

धार थांबली.