हिरव्या शाईची सही

रकाना १ : अर्जदार

"बाबांनी मला न सांगता मरायचं ठरवलं होतं का, एवढंच शोधून द्या," मुलगी म्हणाली.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दम लागला म्हणून मंगळवारी इस्पितळात भरती केलं. शुक्रवारी सकाळी हृदय थांबलं आणि डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही. फायलीत गुरुवारची तारीख घातलेला फॉर्म निघाला : हृदय बंद पडल्यास प्रयत्न करू नयेत. तिला तो लांबूनच दाखवला होता.

खाजगी चौकशीची कामं घेणाऱ्या बाईंनी अधिकारपत्र पुढे सरकवलं. कागद तपासायचे तर तिची सही हवी. तिने पर्समधून जाडजूड पेन काढलं. हिरवी शाई.

"बाबांचं. गळतं, म्हणून भरतीच्या दिवशीच मी घरी नेलं."

सहीखाली तिने दोन टिंबं दिली. बाईंचे जोडीदार, निवृत्त पोस्टमनकाका, मनात म्हणाले, पोरगी उगाच जीव जाळते आहे. म्हातारा कंटाळला असेल.

रकाना २ : डॉक्टर

"फायलीवर लाल चिठ्ठी होती. रुग्ण नको म्हणत असताना छाती दाबली, तर कायदा माझ्याच मानगुटीवर बसतो."

"त्यांना विचारलंत कधी?"

"सही होती ना."

रकाना ३ : सिस्टर

"मी फक्त तारीख घातली आणि चिठ्ठी लावली. तपासणीत बिनतारखेचा फॉर्म सापडला की खरडपट्टी आमची निघते."

"सही कुणी घेतली?"

"ती आधीच होती."

रकाना ४ : कारकून

"अकरा फॉर्म असतात, बाई. भरतीच्या वेळी अख्खा गठ्ठाच पुढे ठेवतो. आजारी माणसाला रोज कशाला छळायचं?"

"म्हणजे दयाच की तुमची."

"तसं समजा."

काकांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला. तारीख निळी. रुग्णाची सही हिरवी. खाली साक्षीदाराची, तीही हिरवी : एक गिचमिड, तिच्याखाली दोन टिंबं.

"गुरुवारी सही केली म्हाताऱ्याने. विषय संपला," काका म्हणाले.

"जन्मभर शिक्के मारलेत, काका, आणि तारखेवर विश्वास ठेवता?"

रकाना ५ : निष्कर्ष

"तुमच्या वडिलांनी मरायचं ठरवलं नव्हतं," बाई मुलीला म्हणाल्या. "पेन मंगळवारीच घरी गेलं. मग हिरवी सही गुरुवारची कशी? कारकुनाने हा फॉर्म भरतीच्या गठ्ठ्यात सारला, सिस्टरने मागाहून तारीख घातली, डॉक्टरांनी तोंडाने विचारलं नाही. समजावून न सांगता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. दावा उभा राहतो."

मुलीने डोळे पुसले. "म्हणजे जगायचं होतं त्यांना."

"हो."

तिने फॉर्मकडे हात केला. बाईंचा तळहात त्यावरच होता.

"मी नाही दाखवलं, तर इस्पितळाचा वकील दाखवेल," बाई म्हणाल्या आणि हात उचलला.

काकांच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मुलगी साक्षीदाराच्या रकान्यातली दोन टिंबं बघत राहिली.

"ते एकेक पान वाचत होते," ती म्हणाली. "चष्मा पुसून पुसून. मागे रांग लागलेली. मी म्हटलं, बाबा, असे वाचत बसलात तर इथेच संध्याकाळ होईल. मग पानं मीच उलटली."

"आणि ते?" काकांनी विचारलं.

"म्हणाले, तू बघितलंयस ना? मग झालं."