निळ्या तुतारीचे एकोणीस फोटो

फोटो एकोणिसावा
(शेवटचा, म्हणून आधी)

काळ्या पडद्यावर एक निळा गोळा. कडा अगदी स्पष्ट. अठराव्या फोटोपर्यंत हाच जीव तुतारीसारखा लांब होता. मग गोळा कसा झाला?

फोटो पहिला

नानांनी, म्हणजे शाल्मलीच्या आजोबांनी, कातळाच्या सड्यावरच्या डबक्यातून पाण्याचा थेंब आणला होता. त्यात एकच तुतारी (एकाच पेशीचा निळसर सूक्ष्मजीव). अकरा दिवस ते तिला सांभाळत होते.

"जेवून येतो. सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश तीनच्या पुढे नेऊ नकोस," असं शाल्मलीला सांगून ते आत गेले.

फोटो आठवा

"ही सगळी का दिसत नाही?" शाल्मलीने ठिपक्याला विचारलं. ठिपक्या म्हणजे सूक्ष्मदर्शकावर बसून फोटो काढणारा मुठीएवढा यंत्रमानव.

"भिंग एका वेळी एकच पातळ थर स्पष्ट दाखवतं. ते थोडं थोडं सरकवत वीस फोटो काढायचे आणि जोडायचे. पण ती हलली की थर जुळत नाहीत."

"मग पटापट काढ."

"त्याला उजेड जास्त लागेल. नाना तीन म्हणाले."

"नाना जेवतायत."

"मी नाही वाढवणार."

शाल्मलीने स्वतःच बटण फिरवलं. नऊ.

फोटो विसावा
(काढलाच नाही)

जेवून आलेल्या नानांनी भिंगातून पाहिलं. गोळा फुटून पाण्यात पसरला होता.

"तिचा निळा रंग प्रखर उजेड शोषतो. त्यातून पेशीतच विषारी द्रव्यं तयार होतात. ती आधी आखडते, मग मरते."

"मला माहीत नव्हतं, नाना."

"तीनच का, ते मी सांगितलं कुठे? वरण निवत होतं." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "त्यात माझे चारशे फोटो आहेत. सगळे स्पष्ट. हलू नयेत म्हणून मी प्रत्येक जिवाला आधी मारलं. पुस्तकांत मुलं ते जिवंत समजून बघतात."

शाल्मलीने पडद्यावरच्या गोळ्याकडे पाहिलं. एकोणिसावा इतका स्पष्ट का, ते तिला कळलं होतं.

फोटो पहिला, पुन्हा

चार दिवसांनी दुसरा थेंब. प्रकाश तीन.

"भुरकट येईल," ठिपक्या म्हणाला. "असे पुष्कळ जमले, तर त्यांतून मी कमी उजेडात बघायला शिकेन. वेळ लागेल."

"लागू दे."

तुतारी लांब झाली. तोंडाभोवतीच्या बारीक केसांनी तिने पाणी ढवळलं आणि ती पोहत चौकटीबाहेर गेली.

तो रिकामा फोटो शाल्मलीने एकोणिसाव्याशेजारी लावला.