तीन कॅन अडुळसा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर वल्लरी वीस लिटरचा कॅन घेऊन उभी होती, आणि तो कॅन बघून एकही रिक्षावाला थांबायला तयार नव्हता. शेवटी एक थांबला, तोही आत आधीच बसलेल्या तरुणाने सांगितलं म्हणून.

“काय आहे यात?” सरकून जागा करत त्याने विचारलं.

“अडुळशाचा काढा.”

“एवढा? खोकला फारच जुना दिसतोय.”

वल्लरीने हसू कसंबसं दाबलं. ती आयुर्वेदिक औषधांच्या कंपनीत होती. तो दाट, चिकट काढा सुकवून पावडर करायची तर नेहमीच्या भांड्यात तो हमखास करपायचा. म्हणून ती सुकवायची यंत्रं बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ट्रायलसाठी निघाली होती. उतरताना कळलं, तिथे ट्रायल घेणारा इंजिनीयर हाच... सुशांत.

यंत्र म्हणजे बाहेरून वाफेने तापवलेलं एक उभं नळकांडं. आत फिरणारी पाती काढा तापलेल्या भिंतीवर पातळ पसरवत. पाणी क्षणात उडे आणि करपायच्या आत पावडर खाली पडे. हे बघायला तळहाताएवढी एकच काच होती. एकाने टॉर्च धरायचा, दुसऱ्याने डोकवायचं. टॉर्च सुशांतने धरला आणि — खरं सांगायचं तर — वल्लरीने काढा कमी अन् काचेतलं त्याचं प्रतिबिंबच जास्त पाहिलं.

“ओलावा जरा जास्त वाटतोय,” पावडर चिमटीत घेत तो म्हणाला. “आणखी एक ट्रायल घ्यावी लागेल.”

घेतली. मग तिसरीही घेतली. दर वेळी नवा कॅन, तीच काच, आणि नंतर दारातल्या टपरीवर लांबत जाणारा चहा. किती साधे दिवस होते ते, आणि किती सुखाचे. अडुळशाचा उग्र वास आला की वल्लरीला अजूनही बरं वाटायचं.

आज त्याच वर्कशॉपमध्ये तिच्या कंपनीसाठी बनवलेलं मोठं मशीन रंगवून तयार होतं. तपासणीच्या कागदावर वल्लरीने सही केली की ते ट्रकवर चढणार होतं. तिचं घर कामोठ्याला, अगदी जवळ. पण कामाशिवाय इथे यायचं कसं? म्हणून ती एकेक नट दुसऱ्यांदा तपासत होती.

“मॅडम, सगला ठीक हाय,” म्हातारे फिटर दाजी म्हणाले. “तुमचा माल तं पयल्याच टायमाला सुका झालता. ओलावा बिलावा काय नाय.”

सुशांतची मान खाली गेली. “दाजी, जरा चहा सांगता?”

दाजी गेले.

“खरंय ते,” तो हळूच म्हणाला. “पहिलीच ट्रायल चांगली झाली होती. तुम्ही परत यावं म्हणून मी... चुकलंच माझं.”

“मला माहीत होतं.”

“म्हणजे?”

“पहिली पावडर आमच्या लॅबने त्याच दिवशी पास केली. तरी मी आणखी दोन कॅन उचलून आणले.”

वल्लरीने शांतपणे कागद ओढला आणि सही केली.

“आता... आता काय निमित्त काढायचं?” त्याने विचारलं.

“निमित्तं पुरे झाली. मला तुम्ही आवडता, एवढं सांगायला मी दोन वर्षं घालवली. रविवारी घरी या. आईबाबांशी बोलले आहे मी.”

“काय बोललात?”

“मुलगा मी बघितलाय, आता तुम्ही बघा.”