दोनच हाका

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मी रंगवून सांगणाऱ्यांतली नाही. हे माझ्या पणजीच्या, बायनाबाईच्या बाबतीत घडलं आहे. तिने ते माझ्या आजीला सांगितलं, आजीने मला. 

निजामाचं राज्य होतं. फाल्गुनातली टळटळीत दुपार. आमचं गाव धर्मापुरीजवळ.

त्या वर्षी प्लेग आला होता. उंदीर पडायला लागले तसं अख्खं गाव शेतात खोपटं घालून राहिलं. भगवानराव पाटलांनी दम दिला होता, "जो शिवाराभाईर जाईल, त्यानं वापस यिऊ नये."

बायनाबाई सुईण. एरवी तिला सुखाने चार घास गिळायला सवड नसायची. त्या वर्षी मात्र तिच्याकडे कोणी फिरकेना. बाळंतपणं थांबली नव्हती...

बोलावणी थांबली होती.

कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं. बाया आपापल्या खोपटात एकट्या मोकळ्या होत होत्या, नाहीतर मरत होत्या.

ओढ्यापलीकडच्या माळावर म्हाळू धनगराचा मेंढरांचा तळ होता. त्याच्या बायकोचे, रतनबाईचे, दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, आणि फार घाबरलेली. साथ येण्याआधी पणजीने तिला शब्द दिला होता, "कळा सुरू झाल्या की म्हाळूला धाड. आर्ध्या भाकरीवरून उठून यीन."

त्या दुपारी पणजी खरंच भाकरी खायला बसली होती. आणि...

"बायनाबाई..."

ओढ्यापलीकडून. म्हाळूचा आवाज तिने लगेच ओळखला.

ती उठली. तेलाची बाटली, दोरा, कात्री फडक्यात बांधली. पायात वहाणा घातल्या.

"बायनाबाई..."

तेवढ्यात रामकिसनने, माझ्या पणजोबांनी, तिचा हात धरला. "ओ दिऊ नकू. तिसरी हाक यिऊ दे."

आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याला मारता येत नाही. त्या साथीत तर लोक म्हणायचे, आजारच नाव घेऊन बोलावतो. जो ओ देईल त्याला गाठ येते.

"आवो, म्हाळूच हाय त्यो," पणजी म्हणाली.

"मंग मारंल की तिसरी."

ती वहाणा घालून दारात उभी राहिली.

वारा पडला होता. कुत्री गप्प... पलीकडे एकही मेंढरू ओरडत नव्हतं.

तिसरी हाक आली नाही.

सावल्या लांबल्या तशी तिला राहवेना. नवऱ्याचा हात झटकून ती निघाली. "न्हाई घेतलं वापस तर ऱ्हाईन ओढ्याकाठी," एवढंच बोलली.

तळावर रतनबाईची सासू कडूबाई पालाच्या तोंडाशी एकटीच बसली होती. आत रतनबाई... झाकलेली. बाळ आडवं आलं होतं. मायलेकरं दोघंही गेली होती.

पणजीने हात लावून पाहिला. अंग अजून कोमट होतं.

तिला रडू आलं आणि रागही आला. "म्हाळू दोनच हाका मारून कावून परतला? आजून एक मारली असती तर मी आले असते की."

कडूबाईने चमकून वर पाहिलं.

"म्हाळू? बाई, म्हाळू परवाच गेला. काखंत गाठ आल्ती. त्या बाभळीखाली पुरलाय. हिला एकटीला सोडून मी कशी यिऊ? तुमाकडं धाडायला मानूसच न्हवता आमच्यात."



पणजोबांचं बरोबर होतं. हाक मारणारा जिवंत नव्हता.

पण हाक खरी होती.

त्या बिचाऱ्याला दोनच हाका मारता येत होत्या. त्याने दोन्ही मारल्या. आणि पणजी तिसरीची वाट बघत राहिली.

साथ ओसरेपर्यंत गावाने तिला ओढ्याकाठी वेगळं ठेवलं. ती वाचली. त्यानंतर कोणी कितीही अडवलं तरी ती पहिल्या हाकेला ओ देऊन निघायची. कधी दारात बोलवायला आलेला माणूस असायचा. कधी... कोणीच नसायचं. तरी ज्या बाजूने आवाज आला तिकडे ती चालत जायची. आणि त्या वाटेवर कुठल्यातरी घरात अडलेली बाई असायचीच.

आजीनेही पुढे हेच केलं.

आता माझं सांगते. मी शिवणकाम करते. बाळंतपणातलं मला काही कळत नाही. मागच्या महिन्यात दुपारी मशीनवर बसले होते. एकदम मशीनचा आवाज सोडून बाकी सगळं शांत झालं...

"शिवकन्या..."

मी मशीन थांबवली.

"शिवकन्या..."

मी ओ दिली. बाहेर आले. रस्ता रिकामा होता. शेजारचं कुत्रं मान खाली घालून पडलेलं.

कोणीतरी, कुठेतरी अडलं होतं, याची मला खात्री आहे. पण आवाज कोणत्या बाजूने आला... तेच मला कळलं नाही. मी खूप वेळ उंबऱ्यात उभी राहिले आणि आत आले.

तेव्हापासून दुपारी शिवायला बसताना मी पायातल्या चपला काढत नाही.