नव्या जीपीएसमधले जुने पॉइंट

टॉर्च विझवा आणि जरा जवळ सरका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा जुना सोबती अजून हयात आहे, आणि त्याच्याच तोंडून मी हे ऐकलंय.

तो गाइड. हौशी लोकांना डोंगराच्या धारेवर न्यायचं, हा त्याचा धंदा. जोडीला बायकोचा धाकटा भाऊ. दोघांत मिळून हातात मावणारं एकच जीपीएस. पुढे चालणाऱ्याने ते धरायचं, मागच्याने माणसं सांभाळायची. वाटेतली वळणं त्यात पॉइंट म्हणून टिपलेली असायची. गाइड त्यांना नुसते आकडे द्यायचा. मेहुणा वात्रट, तो नावं द्यायचा. चढावरच्या पॉइंटचं नाव काय, तर 'दाजींचा दम'. झऱ्याजवळ, 'दाजी, बसा'. लोक हसून बेजार व्हायचे. पुढच्या खेपेला फोन यायचे ते मेहुण्यालाच. ते गाइडला सलायला लागलं.

एकदा त्याने कड्याजवळच्या वळणाचा पॉइंट गुपचूप थोडा सरकवला. मेहुणा वाट चुकावा, चारचौघांत त्याची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं म्हणे. मला ते पटलं नाही. कडा कुठे आहे हे त्याला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं, तेव्हा माणसांना मागे थांबवून मेहुणा एकटाच वाट शोधायला पुढे गेला. तो गेला तो कड्यावरून गेलाच. सगळ्यांनी धुक्याला बोल लावला. गाइडने खाली सापडलेल्या यंत्रातून तो पॉइंट पुसला आणि बायकोला जवळ घेऊन तिच्याइतकंच रडला.

पण ते यंत्र हातात धरवेना. वर्षभराने तो दुकानात गेला. जुनं द्या आणि नवं घ्या, अशी सोय होती. नव्याचा पडदा मोठा, बटणं हातमोज्यातूनही दाबता येणारी.

"जुने पॉइंट यात टाकून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"नको. कोरं द्या."

"अहो, इतक्या वर्षांची मेहनत आहे तुमची."

"कोरं म्हटलं ना."

जुनं यंत्र काउंटरवर ठेवून बाहेर पडताना त्याला फार हलकं वाटलं.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता. रविवारी रात्री एक टोळी चढायची होती, म्हणून पॉइंट नव्याने टिपायला तो संध्याकाळीच निघाला. बायको दारात आली.

"मलाही न्या ना एकदा. तो पडला ती जागा मी अजून बघितली नाही."

"बघू पुढे कधीतरी," तो बूट बांधत म्हणाला. दरवेळी हेच म्हणायचा.

चढताना सगळं सुरळीत झालं. चढावर, झऱ्यावर, वळणावर, माथ्यावर त्याने पॉइंट टिपले. एक, दोन, तीन, चार. रात्री दहाला तो परत फिरला, आणि धुकं आलं. स्वतःचे पायही दिसेनात. तरी तो घाबरला नाही. चढताना स्वतः टिपलेलं होतं सगळं. पडद्यावरचा बाण बघत उतरायचं, बस.

यंत्र वाजलं. पॉइंट जवळ आला की वाजतं तसं. त्याने पडदा बघितला.

'दाजींचा दम'.

कोरं यंत्र होतं ते. त्याने बंद करून पुन्हा चालू केलं. यादीत एक नाही, दोन नाही. सगळी नावं. 'दाजी, बसा'...

मागे खडी वाजली. तो थांबला. खडीही थांबली.

"कोण आहे?"

तो चालायला लागला. मग पळायला. दिशा कळेना. बाणाशिवाय काही दिसतच नव्हतं. बाण सरळ होता. मागची पावलं अगदी पाठीशी. यंत्र पुन्हा वाजलं. नवं नाव. आधी कधीच नसलेलं.

'दाजी, या'.

त्याने पाऊल टाकलं... आणि खाली जमीन नव्हती.

मेला नाही तो. मेला असता तर सुटला असता. कंबरेखाली लुळा होऊन पडलाय आता. पहाटे त्याला वर काढलं ते बायकोने आणलेल्या माणसांनी. तो हरवलाय हे गावात कुणाला माहीतही नव्हतं, पण ही बाई अंधारात सगळ्यांच्या पुढे, नेमकी त्या कड्याशी आली. कधीही न बघितलेल्या कड्याशी. त्याला झोळीत घातल्यावर ती वाकली आणि हळूच म्हणाली, "किती सरकवला होतास रे तो पॉइंट?"

त्याने हे तोवर जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तिने मात्र पुन्हा विचारलं नाही. त्याचं सगळं करते, वेळेवर जेवू घालते. फक्त त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. तो रडतो, तेव्हा त्याच्याकडे बघत बसते.

ते यंत्र मी स्वतः पाहिलंय. आपण जिथून चाललो त्याची रेघ त्यात आपोआप उमटते. रात्रभर ते त्याच्या मुठीत होतं, कड्याखाली. वर काढल्यावर बोटं एकेक करून सोडवावी लागली. पण रेघ तिथे संपलेली नाही. ती कड्यावरून वळते, नीट वाटेने डोंगर उतरते, गावात येते आणि त्याच्या घरात शिरते. आणि बायको झोपते त्या खोलीत, बराच वेळ एका जागी थांबते.