वेगा लार्गाचे बोकड

वेगा लार्गाच्या कुरणावर अडकलेल्या भावाला आणि त्याच्याजवळच्या बोकडांना जिवंत खाली आणायचं, एवढ्याच कामासाठी ऑर्फेलिना त्या सकाळी घराबाहेर पडली. निघताना तिनं दार असं आपटलं की छपरावरचा बर्फ तिच्याच डोक्यावर कोसळला.

"घ्या," मानेतला बर्फ झाडत ती म्हणाली. "घरापासूनच सुरुवात."

मे महिना अजून सरला नव्हता. जगाच्या दक्षिण टोकाकडच्या नेउकेनच्या या डोंगरात बर्फ जूनमध्ये, हिवाळ्याबरोबर येतो, पाहुण्यासारखा आधी चाहूल देऊन. यंदा तो चोरासारखा आला. दोन दिवस पडला आणि लास मातास या तिच्या गावातल्या कुंपणांची फक्त टोकं वर राहिली.

तिला बर्फाचा राग होताच, पण त्याहून मोठा राग गावाचा होता. लास मातासमधल्या सगळ्या घरांचे बोकड उन्हाळ्यापासून एकाच माणसाच्या हवाली असतात. शेळ्यांपासून दूर, उंचावर. ते लवकर खाली आले तर करडं हिवाळा सरण्याआधीच, सप्टेंबरच्या गारठ्यात जन्मतात आणि आईच्या पोटाखालीच गारठून मरतात. म्हणून मे संपल्याशिवाय बोकडवाल्यानं खाली पाऊल टाकायचं नाही, असा बापजाद्यांपासूनचा नेम. यंदाचा बोकडवाला बेलार्मिनो, ऑर्फेलिनाचा धाकटा भाऊ. ढग जमायला लागले तेव्हाच ती म्हणाली होती, बोलवा त्याला. गावानं काय केलं? डोंगरातल्या माणसांचे निरोप वाचणाऱ्या रेडिओवरून सांगितलं, "बेलार्मिनोसाठी : ठरल्या दिवसाआधी उतरू नये." त्याच्याकडे रेडिओ होता. ऐकता येत होतं, उलट बोलता येत नव्हतं. तो थांबला.

आणि आता तेच गाव चुलीशी बसून मातेचा कडू चहा ओढत म्हणत होतं, "बिचारा बेलार्मिनो."

बोकड मेले तर पुढच्या वसंतात एकही करडू नाही. मग लास मातासनं करायचं काय? कुलपं लावायची आणि विया नेवादाच्या हॉटेलांत चादरी धुवायला जायचं.

विया नेवादाहूनच तिची धाकटी बहीण एदुविना आली होती, आदल्या दिवशी, खांद्यावर स्की टाकून आणि हॉटेलचं नारिंगी जाकीट घालून. ते गाव डोंगरधारेच्या पलीकडच्या अंगाला. तिथं ती पर्यटकांना स्की भाड्यानं देते.

"तिकडे लोक रस्त्यावर नाचतायत, ताई," वाट चढता चढता एदुविना म्हणाली. "यंदा तीन आठवडे आधी हंगाम सुरू. बँड लावलाय."

"नाचू देत. पाय मोडोत त्यांचे."

"माझ्या दोन्ही पोरी याच बर्फाच्या पैशांवर शिकल्या, हे विसरू नकोस."

"माझ्या कितीक शेळ्या आजवर याच बर्फाखाली मेल्या, हे तू विसरू नकोस."

मागून खेचराचा लगाम धरून येणारा ओर्तेन्सियो खाकरला. तो शेजारी. त्याच्या मुलाची ऑर्फेलिना धर्ममाता, म्हणून तो तिला 'कोमाद्रे' म्हणे. त्याचेही बोकड वर होते, आणि अख्ख्या गावातून येतो म्हणाला तो एकटाच.

"कोमाद्रे, भांडण जपून वापर," तो म्हणाला. "चढ मोठा आहे. वर पोचेपर्यंत पुरायला हवं."

दुपारपर्यंत ते ओढ्याच्या घळीतून चालले. बर्फ कधी गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत. खेचर पुढे ढकलायचं, त्यानं छातीनं बर्फ फोडायचा, त्या चरातून आपण जायचं. ते थकलं की माणसांनी पुढे व्हायचं. ऑर्फेलिनाच्या अंगावरचा लोकरी पोंचो भिजून पत्र्यासारखा ताठ झाला होता. थांबलं की घाम गोठायचा, चाललं की वितळायचा. चार्कीचा, म्हणजे वाळवलेल्या मांसाचा, तुकडा गालात धरून ती चालत होती आणि प्रत्येक पावलाला गावातल्या एकेकाचं नाव घेऊन शिव्या देत होती. मग नावं संपली. मग ती पहिल्यापासून सुरू झाली.

घळीच्या वर लोमो ब्लांकोची उतरण लागली. गुळगुळीत, पांढरी, एखाद्या गाभण गाईच्या पोटासारखी फुगलेली. तिच्या मधून पायवाट जाते. ऑर्फेलिना त्या वाटेनं लहानपणापासून गेलेली. एदुविना मात्र थांबली. तिनं स्कीची काठी बर्फात खुपसली. वर घट्ट, खाली भुसभुशीत.

"इथून नको. हा सगळा थर सुटेल."

"कोण सांगतं? तुझा तो पोरगेला साहेब?"

"मी सांगते. हंगामात असले उतार आम्ही बंद ठेवतो."

"तुम्ही बंद ठेवता, कारण तुमच्या लोकांना दुसरीकडे घसरायला जागा आहे. मला दुसरी वाट आहे का? वळसा घातला तर उद्याची संध्याकाळ होईल. ते आभाळ बघ."

आभाळ शिशाच्या रंगाचं होतं. दुसरं वादळ येत होतं, हे दोघींनाही दिसत होतं. एदुविनानं काठी बर्फातून उपसली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "पण एकेकानं. पुढचा पोचल्याशिवाय दुसऱ्यानं हलायचं नाही. आणि तोंड बंद ठेवून. ताई, तुला जमेल?"

आधी एदुविना गेली. मग ऑर्फेलिना, खेचर घेऊन. पायाखाली बर्फ कुरकुरत होता. एकदा खोलवर काहीतरी 'हुंफ्' करून बसल्यासारखं वाटलं. तिनं श्वास धरला. खेचरानं कान टवकारले. मग पलीकडचा खडक आला आणि तिनं तो मिठी मारल्यासारखा धरला.

ओर्तेन्सियो निघाला. अर्ध्यात आला. आणि वरच्या बाजूला, धारेखाली, एक काळी रेघ उमटली.

"पळ!" एदुविना किंचाळली.

उतरण सुटली! आधी आवाजच नाही. चादर ओढावी तसा सगळा डोंगर खाली सरकला. मग गडगडाट. ओर्तेन्सियोची टोपी दिसली, हात दिसला, मग काहीच नाही. पांढरा धूर. त्या धुरात ऑर्फेलिना खाली धावत सुटली होती, आपण धावतोय हे तिला कळलंही नव्हतं.

"शेवटचा कुठे दिसला?" एदुविना स्की घालून तिला ओलांडून गेली. "त्या दगडापाशी! त्याच्या खाली शोध!"

दोघी काठ्या खुपसत गेल्या. ढेकळं विटांसारखी घट्ट झाली होती. एके ठिकाणी काठी मऊ लागली. ऑर्फेलिनानं पाठीवरच्या झोळीतला तवा ओढून काढला आणि त्यानं खणायला लागली. एदुविना हातांनी. पोंचोची किनार आली. खांदा आला. तोंड आलं, निळं, बर्फानं भरलेलं. ऑर्फेलिनानं बोट घालून ते मोकळं केलं आणि त्याच्या दोन्ही गालांवर सणसणीत मारलं.

"मरायचं नाही," ती म्हणाली. "तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू? मरायचं नाही, गाढवा."

ओर्तेन्सियो खोकला. बराच वेळ खोकत राहिला.

"कोमाद्रे," तो म्हणाला, "बर्फ बरा होता."

एदुविना हसता हसता रडायला लागली. ऑर्फेलिना रडली नाही. मागे वळून तिनं लोमो ब्लांकोकडे पाहिलं. पायवाट गेली होती. उरला होता नुसता खडक आणि खाली घरांएवढ्या ढेकळांचा ढीग. आलेल्या वाटेनं आता मांजरही परत जाणार नव्हतं, मग बोकड कुठले?

बहिणीनं आधीच सांगितलं होतं. त्या गोष्टीचा राग तर सगळ्यात वाईट.

वेगा लार्गाची दगडी खोपी आधी नाकाला कळली. माजावर आलेल्या बोकडांचा तो वास! एरवी त्यानं डोळ्यांत पाणी येतं. आज ऑर्फेलिनानं तो छातीभर ओढून घेतला. दार आतून बोकडांनी आणि बाहेरून बर्फानं बंद. खणून ते उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. बेलार्मिनोनं सगळे बोकड स्वतःच्या खोपीत घेतले होते. त्यांनी छपराचं गवत खाल्लं होतं, त्याचा बिछाना खाल्ला होता आणि आता एकमेकांच्या पाठीवरचे केस उपटून खात होते. कोपऱ्यात काही मेलेले पडले होते. मध्यभागी, दोन दांडग्या बोकडांच्या मध्ये ऊब धरून, बेलार्मिनो बसला होता. दाढी त्यांच्यासारखीच, वासही.

"उशीर केलात," तो म्हणाला.

"आम्ही?" ऑर्फेलिनाचा तोल गेला. "आम्ही उशीर केला? डोळे फुटले होते तुझे? आभाळ दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. रेडिओवर सांगितलं, उतरू नये."

"आणि तू ऐकलंस."

"दुसऱ्यांचे बोकड आहेत, ताई. माझे असते तर उतरलो असतो."

ऑर्फेलिनानं खाली बसून त्याचे बूट काढले. डाव्या पायाची बोटं काळी पडली होती. तिनं ती आपल्या काखेत धरली, आणि तो दुखून कळवळला तेव्हा तिला बरं वाटलं. दुखतंय म्हणजे पाय आहे.

"मी मेलेल्यांना सोडून येतो," बेलार्मिनो म्हणाला, "जिवंतांना नाही. आधीच सांगतो."

"तुला कुणी विचारलं?" ऑर्फेलिना म्हणाली. "एदुविना, वाट कुठली?"

बहिणीनं तिच्याकडे पाहिलं. असं तिला ताईनं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"वर," ती म्हणाली. "धारेवर. वाऱ्यानं तिथला बर्फ उडालेला असतो. आणि धारेवरून पलीकडे, विया नेवादाच्या स्कीच्या उतारावर. तो यंत्रानं दाबून घट्ट केलेला असतो. बोकडांचे पाय रुतणार नाहीत."

"तुझ्या नाचणाऱ्यांच्या मधून."

"माझ्या नाचणाऱ्यांच्या मधून."

उजाडताच ते निघाले. बेलार्मिनो खेचरावर, खेचर पुढे, मागे चरातून एकापाठोपाठ एक बोकड. भुकेनं अर्धमेले, तरी भांडणं सुटली नव्हती; दर शंभर पावलांवर कुणीतरी कुणालातरी टक्कर द्यायचा आणि दोघं चराबाहेर पडून पोटापर्यंत रुतायचे. ओर्तेन्सियो त्यांना शिंगांना धरून उपसायचा. "तुम्ही आमच्या गावचेच शोभता," म्हणायचा.

धारेवर वारा होता. नुसता वारा नव्हे, भिंत! बर्फाचे कण वाळूसारखे डोळ्यांत घुसत होते. खेचर वाकडं चालत होतं. एक म्हातारा बोकड बसला. ऑर्फेलिनानं त्याला उठवलं. तो पुन्हा बसला. तिनं त्याला खांद्यावर घ्यायला पाहिलं आणि स्वतःच गुडघ्यांवर आली.

"सोड, कोमाद्रे," ओर्तेन्सियो तिच्या कानाशी ओरडला. "माझा आहे तो. मी सांगतो, सोड."

तिनं सोडला. दहा पावलांनी मागे पाहिलं तेव्हा तो पांढरा झालेला होता. वाऱ्याला, बर्फाला, डोंगराला तिनं अशा शिव्या दिल्या की त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. आणि त्या शिव्यांच्याच जोरावर ती पुढे चालत राहिली.

मग धार संपली आणि खालून बँड ऐकू आला.

पांढराशुभ्र, इस्त्री केल्यासारखा उतार. रंगीबेरंगी माणसं. पताका. बोकडांच्या खुरांना घट्ट जमीन लागली, त्यांना खालचा धूर आणि चारा यांचा वास आला, आणि सगळा कळप सुटला! स्की शिकणाऱ्या बायका बाजूला उडाल्या. एक गृहस्थ बोकडाला चुकवायला गेले आणि दुसऱ्यावर बसले. बँडमधला तुतारीवाला नाक धरून उभा राहिला.

नारिंगी जाकिटातला एक तरुण हात हलवत वर आला. लेआंद्रो, एदुविनाचा साहेब.

"एदुविना, हे काय आहे? हटवा हे. आज उद्घाटन आहे."

"खालीच चाललेत, साहेब."

"हा वास आठवडाभर जाणार नाही. तुझ्या नोकरीचं—"

"अहो साहेब," ऑर्फेलिना मध्ये आली. "हा बर्फ तुम्हाला हवा होता ना? आम्हाला नको होता. मिळाला दोघांनाही. आता तुमचा अर्धा आम्ही वापरला तर बिघडलं कुठं?"

साहेबानं खेचरावरच्या बेलार्मिनोचे पाय पाहिले, चिंध्यांत गुंडाळलेले. मग स्वतःचे हातमोजे काढून त्यानं बेलार्मिनोला दिले. ऑर्फेलिनाला ते आवडलं नाही. राग धरायला माणूस अगदीच वाईट असलेला सोयीचा पडतो.

एदुविना त्यांना गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला आली. तिथं रस्त्याला फाटा फुटतो. शहराकडचा रस्ता काळाभोर, मोकळा. त्यावरून एक बर्फ सारणारं पिवळं यंत्र येत होतं आणि मागे पर्यटकांच्या बसगाड्यांची रांग. लास मातासचा फाटा मात्र माणसाच्या उंचीएवढ्या बर्फाखाली. घर अजून तीन तासांच्या चालीवर, आणि बोकडांत तीन शेतं ओलांडायचीही ताकद उरली नव्हती.

ऑर्फेलिनानं फाट्याकडे पाहिलं. यंत्राकडे पाहिलं. मग कळप वळवून तिनं बरोब्बर काळ्या रस्त्याच्या मध्यावर आणला. बर्फाच्या मानानं डांबर कोमट होतं. एकेक करून बोकड त्यावर बसले. दमलेला बोकड एकदा बसला की त्याला उठवायला देवच लागतो.

यंत्रवाल्यानं भोंगा वाजवला. मग खाली उतरला.

"बाई, हटवा यांना."

"हटतात ना. घरी जायची वाट दिसली की हटतात."

"लास मातासचा रस्ता वसंतातच मोकळा होतो. मला तसा हुकूम आहे."

"मग वसंतापर्यंत बसू. बेलार्मिनो, माते लाव."

बेलार्मिनोनं खरंच किटली काढली. मागच्या बसमधून माणसं उतरायला लागली. कुणी फोटो काढले, कुणी वासानं परत आत गेलं. भोंगे वाढले. एदुविना तिथं हॉटेलचं जाकीट घालून, आपल्याच गिऱ्हाइकांसमोर, बोकडांच्या मध्ये उभी होती. ती हलली नाही. तिनं हळूच आपली स्कीची जोडी रस्त्यावर आडवी टाकली.

यंत्रवाल्यानं रांगेकडे पाहिलं. रांग वळणापलीकडे गेली होती. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, यंत्रात चढला आणि पातं डावीकडे, फाट्यात घातलं.

बर्फ दोन्ही बाजूंना उसळला. त्याच्यामागे खेचर, खेचरामागे उठून उभे राहिलेले बोकड.

"उद्या अजून पडणार, ताई," एदुविना स्की उचलत म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही.

"तुझी जीभ झडो," ऑर्फेलिना म्हणाली. मग परत आली, बहिणीच्या जाकिटाची गळ्याची चेन लहान मुलीची लावावी तशी हनुवटीपर्यंत ओढली, आणि यंत्राच्या मागे चालू लागली. "जरा भरभर चालव की रे," तिनं यंत्रवाल्याला हाक मारली. "शेळ्या वाट बघतायत."